धक्का कुणाच्या वाट्याचा

आजकालच्या गाडीला बंपर असतो हे मालकाला बहुतेक वेळा त्यावर ओरखडा उठल्यावरच कळतं. गाडीच्याच रंगाचा, प्लॅस्टिकचा, गुळगुळीत. आत फोम आणि त्यामागे एक आडवी तुळई असते, पण ती कुणी पाहिलेली नसते. पार्किंगमध्ये कुणाच्या स्कूटरचं हँडल नुसतं घासलं तरी मालक उकिडवा बसून, रुमालाला थुंकी लावून पुसून बघतो, आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. जो भाग मार खाण्यासाठीच जन्माला आला, त्याला मार लागला म्हणून एवढं सुतक!

जीपच्या बंपरचं असं सुतक पाळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मी वाढले ती वडापच्या काळात. कराड-पाटण रस्त्यावर जीपमध्ये माणसं मोजायची पद्धतच नव्हती. आत मावतील तेवढी आत, उरलेली मागच्या बंपरवर. तिघं-चौघं तिथे उभे, हात वरच्या कॅरिअरच्या गजाला, पिशव्या दातात धरायच्या तेवढ्या बाकी. पैसे गोळा करणारं पोरगं तर चालत्या गाडीतून एक पाय बंपरवर आणि एक हवेत ठेवून उतारूंशी भांडायचं. पुढच्या बंपरची तऱ्हा जरा निवांत. स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की ड्रायव्हर त्यावर बसून तंबाखू मळायचा. शेतावर जीप गेली की त्याच्यावर डबा उघडायचा, विळा घासायचा, कुणाच्या तरी पायातला काटा काढायचा. दसऱ्याला झेंडूची माळ त्यालाच, नारळ त्याच्याच पुढ्यात, लिंबू-मिरची त्याच्याच कडेला. बंपर हा त्या गाडीचा ओटा होता. धडक वगैरे द्यायचं त्याच्या कामाच्या यादीत फार खाली असावं.

माझी स्वतःची जीप महिंद्राची एमएम 540, प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन असलेली, नव्वदीच्या दशकातली. वाळवा तालुक्यातल्या एका ऊस बागायतदारांकडून ती घेतली. त्यांच्या मुलाने मोठी नवी गाडी आणली आणि जीप गोठ्याशेजारी गेली होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिमेचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, हे माझं खरं काम, आणि तिथवर पोचायचं तर शेवटचा टप्पा म्हणजे जांभ्याचे धोंडे, चिखल, आणि पवनचक्क्यांसाठी कधीकाळी काढलेल्या पण आता धुपून गेलेल्या वाटा. (वाटेबाहेर सड्यावर चाकं घालणाऱ्या हौशी मंडळींविषयीचं माझं मत छापण्याजोगं नाही. जांभ्यावर माती असते बोटभर. सीतेची आसवं आणि गेंद तेवढ्यावरच उगवतात. एकदा चाकोरी पडली की तिथे डबकंच उरतं.)

बंपर बदलायची वेळ आली ती पाटण खोऱ्यात. भाताच्या खाचराशेजारच्या वाटेवर जीप रुतली आणि एक ट्रॅक्टरवाला देवासारखा आला. त्याने काही विचारलं नाही. दोर काढला, बंपरच्या मधोमध दोन वेढे दिले, "बाई, आत बसा, तिसऱ्यात नगं, पयल्यात टाका" म्हणाला आणि क्लच सोडला. जीप निघाली. बंपरही निघाला. मधला भाग वीतभर पुढे आला आणि डावीकडचा बोल्ट पत्रा फाडून मोकळा झाला. माणूस पैसे घ्यायला तयार नव्हता. "बंपराचं काय न्हाई, ठोकून सरळ हुतंय," एवढं म्हणून तो गेला.

ठोकून सरळ होणार नव्हतं. पण मला विचार करायला लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्याने दोर बांधला तो समोर जे दणकट दिसलं त्याला. आणि दिसायला जीपचा बंपर दणकटच असतो. 1941 साली विलिस कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी जीप बनवायला घेतली तेव्हापासून तो तसाच आहे: चासीच्या दोन टोकांवर आडवा ठोकलेला सरळ पोलादी पट्टा. त्यावर सैनिक आपल्या तुकडीचा क्रमांक रंगवायचे. 1944 मध्ये फ्रान्सात जर्मनांनी रस्त्याच्या आरपार, उघड्या जीपमधल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर तारा ताणायला सुरुवात केली, तेव्हा याच पट्ट्यावर लोखंडी अँगलचा उभा खांब वेल्ड करून तार तोडायची सोय झाली. युद्ध संपलं, महिंद्रांनी मुंबईत माझगावला या जीपची जुळणी सुरू केली, पुढे जीप इथेच बनू लागली. इंजिनं बदलली, बॉनेट उंच झालं, चाकांमधलं अंतर वाढलं. पुढचा आडवा पट्टा मात्र हलला नाही. त्याचा घाट बघून कुणालाही वाटावं की याला बांधलं की गाडी बांधली. प्रत्यक्षात माझ्या जीपचा बंपर म्हणजे दाबून वळवलेला पत्रा, तीस पावसाळ्यांनी आतून खाल्लेला. आणि तो आतल्या बाजूला ढकल सोसायला केलेला होता, बाहेरच्या बाजूला ओढ सोसायला नाही. या दोन्ही गोष्टी लोखंडाच्या लेखी एक नाहीत.

तो काढायला एक अख्खा रविवार गेला. बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल ओतून ठेवलं होतं. दोन हलले, एकाचं डोकं गोल झालं, चौथा ग्राइंडरने कापावा लागला. बंपर खाली उतरवून उलटा केला तेव्हा त्याची पाठ पहिल्यांदा दिसली. चॅनेलच्या खोबणीत वाळून दगड झालेला चिखल, त्यात उसाचं पाचट, करवंटीचा एक तुकडा. उजव्या बोल्टाभोवती बारीक तारांचा गुंता होता, गंजाने एकजीव झालेला. पकडीने सोडवायला गेले तेव्हा कळलं, या झेंडूच्या माळांच्या तारा. दर दसऱ्याला नवी माळ बांधायची, फुलं सुकून गळायची, तार तिथेच राहायची. पुढच्या बाजूला खरवडल्यावर रंगाचे थर निघाले. वरचा काळा. त्याखाली चंदेरी. त्याखाली एका पक्षाचं स्टेन्सिलने मारलेलं चिन्ह, आणि त्याच्याही खाली दुसऱ्याच पक्षाचं. कोणते ते सांगत नाही, मूळ मालक हयात आहेत आणि सध्या तिसरीकडे आहेत.

मग प्रश्न आला: नवा कसला?

या एका प्रश्नावर जेवढे सल्ले मिळाले तेवढे मला घर घेतानाही मिळाले नव्हते. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मोबाईलवर पुण्यातल्या दुकानाची चित्रं दाखवली. चार मि.मी. प्लेटचा, कोन-कोन पाडलेला, काळ्या खरबरीत रंगाचा बंपर, त्यात दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या विंचची जागा, त्यावर पाईपचा कठडा, कठड्यावर चार दिवे. डबवालीहून जीप सजवून आणणाऱ्या एका परिचिताने तर दोन फूट पुढे येणारा काहीतरी प्रकार सुचवला. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं ते गाव जुन्या जीपना नवं रूप देण्यासाठी नावाजलेलं आहे, आणि तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण त्यांच्याकडचा नमुना लग्नाच्या वरातीसाठी उत्तम, भाताच्या खाचरासाठी नाही. दुकानातल्या बंपरची किंमत ऐकली तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणी आणि का काढली असेल ते समजलं.

पैशाचं सोडा. मला त्यातला 'मजबूत' हा शब्दच टोचत राहिला. प्रत्येक जण मजबूत म्हणत होता, आणि तो बंपर वाकणार नाही एवढाच त्याचा अर्थ होता. आता बंपर वाकला नाही म्हणून धक्का नाहीसा होत नाही. तो पुढच्याकडे जातो.

मर्सिडीजमध्ये बेला बारेनी नावाचा अभियंता होता. गाडीचा मधला, माणसं बसतात तो भाग कडक ठेवायचा आणि पुढचे-मागचे भाग मुद्दाम चुरगळतील असे करायचे, ही कल्पना त्याची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तिचं पेटंट घेतलं आणि 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्ष आली. तोवरची समजूत नेमकी उलटी होती: गाडी जेवढी न चेपणारी तेवढी चांगली. गणित साधं आहे. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी अर्धा मीटर चेपत थांबली तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या बारा-तेरा पट जोर येतो. तीच गाडी दहा सेंटीमीटरांत थांबली तर साठपटीच्या वर. लोखंडाने जेवढं सोसायचं नाकारलं तेवढं बरगड्यांनी सोसायचं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

जीपला हे काहीच लागू नाही, असं मला एकाने ठणकावून सांगितलं. जीपला चुरगळणारा भाग नाही, एअरबॅग नाही, तिचे सेन्सर बिघडायचा प्रश्न नाही. चासीचे दोन दांडे सरळ बंपरपर्यंत आलेले, स्टिअरिंगचा दांडा छातीकडे रोखलेला. मग त्यात आणखी चाळीस किलो लोखंड वाढलं तर बिघडलं काय? म्हणणं अर्धं बरोबर आहे. आत बसणाऱ्याचं आधीच जे व्हायचं ते होणार, त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो बाहेरच्याला. पाईपचा तो कठडा मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो, शाळेतल्या पोराच्या छातीला. आमच्या बाजूच्या रस्त्यांना फुटपाथ नसतो; माणसं, शेळ्या, सायकली, उसाच्या मोळ्या घेतलेल्या बाया, सगळं त्याच डांबरावरून चालतं.

ते कठडे निघाले ऑस्ट्रेलियात. तिथे रात्री निर्मनुष्य रस्त्यावर कांगारू आडवा आला आणि रेडिएटर फुटला तर माणूस तहानेने मरू शकतो. मेलबर्नमध्ये 1975 साली टोनी ब्राउनने सुरू केलेली एआरबी ही कंपनी या गरजेवरच उभी राहिली. नाव त्याच्याच आद्याक्षरांचं, अँथनी रोनाल्ड ब्राउन. गरज खरी होती, उत्तरही खरं होतं. आपल्याकडे उत्तर आलं, गरज तिकडेच राहिली. कोयनेच्या अंगाला रात्री गवा आडवा येतो, नाही असं नाही. पण गव्याला पाईपचा कठडा म्हणजे काहीच नाही. त्याच्यापुढे हळू चालवणं हाच बंपर. आपल्या केंद्रीय परिवहन मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरात राज्यांना पत्र लिहून हे कठडे बेकायदा ठरवत कारवाई करायला सांगितलं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीवाचून केलेल्या दर फेरबदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कायद्यात आलं. त्यानंतरही महामार्गावर कठडेवाल्या गाड्या किती दिसतात ते बघा. त्यातल्या पुष्कळ गाड्यांवर काचेच्या कोपऱ्यात कुठल्या ना कुठल्या पदाची पाटी असते. हा योगायोग नसावा.

वजनाचा मुद्दा मला त्याहून जवळचा वाटला, कारण तो माझ्या मणक्याशी संबंधित आहे. प्लेटचा बंपर चाळीस किलो, विंच जवळजवळ तेवढीच. धरा पाऊणशे किलो. आता हे ओझं पुढच्या अॅक्सलच्या पुढे अर्धा मीटर लटकतं. जीपच्या दोन अॅक्सलमधलं अंतर सव्वादोन मीटरांहून थोडं जास्त. तेव्हा पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर पाऊणशे नाही, नव्वद किलो येतात, आणि वरचे पंधरा मागच्या चाकांवरून उचलले जातात. म्हणजे चिखलात ज्या मागच्या चाकांनी रेटायचं तीच हलकी. पुढचे पाटे बसणार, मग जाडे पाटे, मग जाडे शॉक अॅब्सॉर्बर, मग ब्रेक. ज्या सड्यावर मी जाते तिथे चिखल संपला की धोंडे सुरू होतात आणि धोंड्यावर हलकी गाडी नेहमी बरी. मूळ विलिस जीपचं सगळं यश तिच्या हलकेपणात होतं. ती रुतली तर सैनिक मिळून तिला उचलून बाजूला ठेवायचे.

साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनचं शेड आहे. मालक स्वतःच वेल्डर. ट्रॉल्या, गेट, उसाच्या बैलगाडीचे साटे असली कामं करतात. त्यांना मी मिस्त्री म्हणते, ते मला ताई. वाकलेला बंपर बघून त्यांनी तो पायाने उलटा केला, चॅनेलच्या आत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो कवाच मेलाय, ताई. रंगावर उभा हुता."

मी वहीत चित्र काढून नेलं होतं. ते त्यांनी पाहिलं नाही. "काय पायजे ते तोंडानं सांगा."

मी सांगितलं: मूळच्याच मापाचा, मूळच्याच जागी, पुढे काही येणार नाही. वर कठडा नको. जिथे ओढायचं ते हुक बंपरला नाही, चासीला. आणि वजन मला एकटीला उचलता आलं पाहिजे.

"म्हंजे साधा चॅनल." त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. शेडच्या भिंतीला त्यांनी केलेला एक अक्राळविक्राळ बंपर टेकून ठेवला होता, कुणाच्या तरी थारसाठी. त्यांना वाटलं होतं माझंही काम त्या जातीचं असेल.

शंभर बाय पन्नासचा रोल्ड चॅनेल त्यांच्याकडे पडलेला होता. मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. दीड मीटरचं चौदा किलो. मूळ पत्र्याहून जड, दुकानातल्या बंपरच्या एकतृतीयांश. दोन्ही टोकं त्यांनी खालून तिरकी कापली. चाक चढावाला भिडायच्या आधी बंपरचं टोक भिडलं तर गाडी तिथेच थांबते, म्हणून तो कोपरा जितका उडेल तितका बरा. मूळ विलिसला पुढून 45 अंशांचा चढ अंगावर घेता यायचा तो याच हिशेबावर. मिस्त्रींना अंशबिंश सांगायची वेळ आली नाही. त्यांनी एक लाकडी फळी चाकाखालून बंपरच्या खालच्या कडेला टेकवली, डोळा लावून बघितलं आणि खडूने रेघ मारली.

खरं काम होतं ते चासीपाशी. चासीचा पुढचा दांडा पेटीसारखा बंद. त्यातून आरपार बोल्ट घालून आवळला तर दोन्ही भिंती आत येतात, बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला पडतो. म्हणून आत पाईपचा तुकडा घालायचा, बरोब्बर आतल्या रुंदीचा, म्हणजे आवळ भिंतींवर न येता पाईपवर येते. मिस्त्रींनी तो तुकडा चार वेळा घासला. दर वेळी आत सरकवायचा, नखाने फट बघायची, पुन्हा ग्राइंडरवर. ठिणग्यांचा पिवळा फवारा त्यांच्या पायावर पडत होता आणि पायात होती रबरी चप्पल. मी बोलले, तर म्हणाले, "सवय हाय." या एका बाबतीत सगळ्या महाराष्ट्रातले वेल्डर एकाच शाळेत शिकलेले आहेत.

चासीच्या दोन्ही अंगांना दहा मि.मी.ची प्लेट, आरपार 8.8 चे बोल्ट. बोल्टाच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो. पहिला आठ म्हणजे चौरस मि.मी.ला आठशे न्यूटन ताण सोसून मग तुटणार, दुसरा म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कायमचा न ताणता मूळ लांबीवर परत येणार. मिस्त्री हे सगळं एका वाक्यात उरकतात: "आठ-आठचा टाका, मऊ नगं." प्लेटच्या पुढे आलेल्या टोकाला पाऊण इंची शॅकल जाईल एवढं भोक. तिथे कडा त्यांनी कानशीने गोल केल्या, कारण धारदार कडेवर शॅकल एका बिंदूवर टेकते. चॅनेलला त्या प्लेटा बाहेर काढण्यासाठी दोन खाचा पाडल्या. म्हणजे आता दोर शॅकलला, शॅकल प्लेटला, प्लेट चासीला. या सगळ्यात बंपर कुठेच नाही. तो आपला ओटा तो ओटाच.

"चासीला डायरेक वेल्ड मारू काय? बोल्टाची कटकटच नको," शेडमधल्या पोराने विचारलं. मिस्त्री त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "बोल्ट तुटला तर बोल्ट बदलतो. चासी तुटली तर काय बदलणार, गाडी?" वेल्डच्या उष्णतेने शेजारचं लोखंड आपला स्वभाव बदलतं, ट्रकच्या चासीवर नको तिथे वेल्ड मारल्यावर चीर बरोबर माळेच्या कडेने जाते, हे त्यांनी पुष्कळ पाहिलंय.

ओढण्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे ती सर्रास चालते. गाडीच्या मागे ट्रेलरसाठी लोखंडी गोळा असतो, त्याला दोर अडकवून रुतलेली गाडी हिसक्याने ओढायची नाही. तो गोळा सरळ, संथ ओढीसाठी असतो. हिसक्याने तुटला की ताणलेल्या दोराबरोबर बंदुकीच्या गोळीसारखा काच फोडून आत येतो. परदेशात यात माणसं मेलेली आहेत. ताणलेल्या दोराच्या मधोमध जुनी गोणी किंवा जड कांबळं टाकावं, म्हणजे तुटलाच तर दोर खाली बसतो. आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करावं. शेवटचं सर्वांत अवघड. आपल्याकडे गाडी रुतली की गाव गोळा होतं आणि प्रत्येकाला दोर हाताने धरायचा असतो.

मागच्या बंपरचं फारसं सांगण्यासारखं नाही. युद्धातल्या जीपला मागे अखंड बंपर नव्हताच, दोन कोपऱ्यांना दोन छोटे तुकडे आणि मध्ये ओढायचा हुक. मी तेच केलं, फक्त उजवीकडचा तुकडा थोडा रुंद घेतला. त्यावर माझं झाडांचे नमुने दाबायचं लाकडी यंत्र ठेवता येतं, आणि आईला मागून चढताना पाय ठेवायला होतो.

गाडी पंधरा वर्षांवर गेली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. 2022 मध्ये त्याची फीही सहाशेवरून पाच हजार झाली. आमच्या ओळखीतले बरेच जण तपासणीपुरता मूळ बंपर चढवतात आणि संध्याकाळी पुन्हा आपला राक्षस. मला तो व्याप नको होता. तपासणाऱ्यांनी बंपरकडे पाहिलं, हुकांकडे पाहिलं, टायर बघितले आणि धूर मोजायला पाठवलं. धुराने मात्र घाम फोडला.

ऑगस्टात चाळकेवाडीच्या पलीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस आडवा लागत होता. पुढची डावी बाजू एका धोंड्यावर चढली, टोक खरवडलं नाही, चाक आधी लागलं, फळी लावून मारलेली खडूची रेघ खरी ठरली. उतरताना एका खड्ड्यात नाक टेकलं आणि चॅनेलच्या खालच्या कडेचा रंग गेला. तेवढा गेलाच पाहिजे. एका ठिकाणी दुसऱ्याच कुणाची गाडी रुतलेली होती, नवी, उंच, कठडेवाली. तिला पुढे दोर अडकवायला जागा शोधता शोधता आम्ही सगळे भिजलो. शेवटी कंपनीने दिलेला स्क्रूचा हुक टूलकिटमध्ये सापडला, आणि त्याचं भोक त्या मजबूत बंपरने झाकलेलं होतं. कठडा सोडवायला पाना कुणाकडे नव्हता. मागून ओढली.

सप्टेंबरात पोवई नाक्याजवळ जीप उभी होती आणि एक कॉलेजातला मुलगा स्कूटी मागे घेताना तिच्यावर येऊन आदळला. वेग नव्हताच. त्याचा मागचा दिवा फुटला, नंबरप्लेट दुमडली, मडगार्डला चीर गेली. माझ्या चॅनेलवर खूणसुद्धा नव्हती. तो बिचारा माझीच माफी मागत होता. "मॅडम, तुमच्या गाडीला काय झालं नाही ना?" मी वाकून बंपरवरून हात फिरवला. काही झालेलं नव्हतं. हेच मला आवडलं नाही.

आमच्या भागात साखर कारखाने पुष्कळ आणि त्यांच्या कन्व्हेयरचा जुना पट्टा भंगारात वजनावर मिळतो. बोटाएवढा जाड, आत कापडाचे थर. शंभर मि.मी. रुंदीची पट्टी कापून घेतली आणि पुन्हा एमआयडीसीत गेले. चॅनेलच्या तोंडावर पूर्ण लांबीभर ती बसवायची, आणि तिरक्या टोकांवर आत वळवून घ्यायची, म्हणजे पायाला कुठेच लोखंडाची कड लागणार नाही. एवढ्याने कुणाचा जीव वाचेल असं नाही, पण स्कूटीचा दिवा वाचेल, शेळीची बरगडी वाचेल.

मिस्त्रींनी पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली. "येवढा लोखंडी केला आन् आता त्याला रबराचं बाळंतपण?"

"करा हो."

"बोल्टाची डोकी वर येतील की मग. त्येच लागंल कुनालातरी."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी जरा विचार केला, मग पट्ट्यात बोल्टाच्या डोक्याएवढे खड्डे पाडायचे, डोकी त्यात बुडवायची आणि वर वॉशर चपटे घ्यायचे असं ठरलं. पोराला ड्रिलच्या मापाची पेटी आणायला सांगितली. पट्टी जाड असल्यामुळे नंबरप्लेटची पट्टी इंचभर पुढे घ्यावी लागणार होती. ती पुढे घेतली तर वरचा दिवा तिच्यावर नीट पडेल का, ते आम्ही दोघं गुडघ्यावर बसून बघत होतो, तेवढ्यात चहा आला. मिस्त्रींनी दोन्ही ग्लास बंपरवर ठेवले.